झोपून तारे बघण्याची खुर्ची

३ डिसेंबर, सोमवार
वहीबाई, माफी असावी. एक तारखेपासून रोज लिहायचं ठरलं होतं, तेही गेल्या वर्षीच्या. पण आता कारणच तसं आहे. शनिवारी नात येणार, एकच रात्र. मोठी सुट्टी माझ्याकडे घालवायची की तिकडच्या आजोबांकडे, हे ती त्यानंतर ठरवणार. वय वर्षं नऊ, तोरा कमिशनरचा. तिकडचे आजोबा, म्हणजे जावयाचे वडील, प्राध्यापक होते. त्यांनी दुर्बीण घेतली आहे. मी सातवी, जवळजवळ पास. पण तीस वर्षं बसच्या सीटा शिवल्या. दुर्बिणीपाशी वाकून पाठीचा चुरा होतो. मी तिला आकाश झोपून दाखवणार, परसात. प्राध्यापक गार.

४ डिसेंबर, दुपार
मोडकी खाट कापून उतरत्या पाठीची खुर्ची केली. फोमचे तीन थर. मानेखाली मोज्यात तांदूळ भरून उशी. बायकोने डबा उघडून विचारलं की तांदूळ आकाशात गेले का. या घरात विज्ञानाला किंमत नाही. वाचनालयातून ताऱ्यांचं पुस्तक आणलं. रोज दहा पानं.

५ डिसेंबर
दोन पानं झाली. अक्षर बारीक. तरी मुद्द्याचं सापडलं: डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून टॉर्चला लाल काहीतरी लावावं. लाल कागद नव्हता. बायकोच्या ब्लाउजची बाही लावली. दुसऱ्या बाहीचं आता काय करू, असं तिने विचारलं. म्हटलं, दुसऱ्या टॉर्चला लाव.

६ डिसेंबर
शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा फाटकावरचा दिवा थेट परसात येतो. शनिवारी बंद ठेव म्हणालो. तो म्हणाला, काका, चोर काय तारे मोजत येणार आहे? अतिशय उद्धट मुलगा. वय पन्नास. मग बुटांच्या खोक्याची झापडं केली, घोड्याला लावतात तशी. लावून चाललो. बादलीला लाथ बसली. बादली वाटेत होती, झापडांचा दोष नाही.

७ डिसेंबर, पहाटे चार
झोप नाही. ढग आले तर? दव पडून पोरीला सर्दी झाली तर? विंचू?

त्याच दिवशी, संध्याकाळ
दवासाठी खुर्चीला छत्री बांधली. मग दिसणार काय, असं बायकोने विचारलं. छत्री सोडली. (मी सोडणारच होतो.) पुस्तक: पान दोन. आकाश अजून बघितलेलं नाही. बाहेर गारठा आहे, आणि तारे कुठे पळून जाताहेत.

८ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ सहा
लेक नातीला घेऊन आली. नातीने खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "आजोबा, हे सगळं तुम्ही केलं?" मी नुसती मान हलवली. मोठी माणसं जास्त बोलत नाहीत. सुट्टी खिशात. आठला सुरुवात. आधी मी बसून कोन जुळवणार, मग ती.

९ डिसेंबर, रविवार, सकाळ अकरा
आठला बसलो. झापडं लावली, मान उशीवर टेकली, पाठ बरोबर बसली. इतकी चांगली सीट मी नोकरीत कधी शिवली नाही. पुढचं बायकोकडून कळलं.

नातीने पंधरा मिनिटं वाट बघितली. मग हाका मारल्या. बायकोने दोनदा हलवलं आणि तीन चादरी टाकून नाद सोडला. दोघी शेजारीच चटईवर आडव्या झाल्या. तारे तुटताना दोनदा दिसले. बायकोला मृग ओळखता येतो, कृत्तिकाही. चाळीस वर्षांत बोलली नाही. मी विचारलं नव्हतं म्हणे.

सहाच्या बसने लेक आणि नात गेल्या. आजोबांना उठवू नका, असं नातीनेच सांगितलं. ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली. सुट्टीचं ती काही बोलली का, ते बायको सांगत नाही. नुसती हसते.

लेकीच्या फोनवर नातीसाठी हे पाठवलं:
बाळा, घरी पोचलीस ना? सुट्टीचं काय ठरवलंस? आणि काल आकाशात काय काय होतं तेही लिही. मी तिथेच होतो, तरी विचारतो. लवकर कळव. फोन हातातच आहे.