वीतभर वाट

सोमवार, ३
आले एकदाची! बदलीच्या गावात दोन खोल्यांचं घर, पुढे एवढंसं अंगण, आणि मांडीवर दोन महिन्यांचा ढब्बू. ताई फोनवर म्हणाली, स्वतःचं धड सांभाळता येत नाही आणि कुत्रं कसलं पाळतेस. म्हटलं, बघच आता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी गुडघ्यांवर रांगत सगळं घर बघा, पिल्लाला जे दिसतं ते दिसेल. रांगले. वायरी वर बांधल्या, फिनेलची बाटली माळ्यावर, चपला पेटीत. ढब्बूसाहेब मागोमाग तपासणीला.

एक गंमत सापडली. प्रत्येक दाराला खाली, जमिनीलगत, वीतभर भोक. स्वयंपाकघरापासून थेट पुढच्या दारापर्यंत. कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

मंगळवार, ४
घरमालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, असू देत, हवा खेळती राहते. खिडक्या काय शोभेला आहेत? ढब्बू तिथून रस्त्यावर गेला म्हणजे? फळ्या आणून स्वतः ठोकल्या. अंगठा टम्म सुजलाय, पण काम फक्कड झालं.

शुक्रवार, ७
ढब्बू खेळत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून फळीकडे टक लावून बघतो. फळीवर खोल ओरखडे आहेत. त्याचे म्हणावेत, तर त्याची नखं अजून तांदळाएवढी.

रविवार, ९
वजन पाव किलोने उतरलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, रुळेल. भांडं रोज चाटूनपुसून साफ असतं, पण त्याला खाताना मी तीन दिवसांत पाहिलेलं नाही.

ओरखडलेली फळी बदलायला सुतारकाकांना बोलावलं. फळ्या बघून त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, ती भोकं मीच पाडली होती, आधीच्या भाडेकरूंच्या सांगण्यावरून. घरात काहीतरी आहे. त्याला येण्याजाण्याची वाट ठेवली की ते कुणाच्या वाटेला जात नाही. तुम्ही त्याला कोंडलंत, बाई. मी हसायला गेले, हसू आलंच नाही. दोघांनी मिळून सगळ्या फळ्या उपटल्या.

मंगळवार, ११
भोकं उघडी आहेत. ते जात नाही. त्याला आता ढब्बू सापडलाय.
ढब्बूला उचलून निघाले. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि त्याची मान लटकली. श्वास नाही. आत आणलं — श्वास. तीनदा केलं. खात्री करायला मी तीनदा केलं, काय बाई आहे मी!

बुधवार, १२
ताई म्हणते, कुत्रं टाक आणि निघून ये. कसं टाकू? त्याला उठवत नाही, तरी मला बघून शेपूट हलवतो. चूक माझी, आणि भोगतोय तो —
शेवटी रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलून टाकलं. त्याला सोड. मी राहते.

गुरुवार, १३
ढब्बू उठला! आपल्या पायांनी उंबरा ओलांडला. अंगणात उड्या मारतोय. सुतारकाकांना फोन केला, याला घेऊन जा म्हटलं, कायमचा. तासाभरात येतात.
मी उंबऱ्यावर पाय ठेवला, तर छातीत — कळलं. ठीक आहे.

नंतर
दार लावलं, तर भोकातून डोकं घालतोय. नाक, एक कान. माझ्याकडे यायचंय त्याला. ढकलते, तर हात चाटतो. जा ना रे गाढवा. आत आलास तर पुन्हा तुलाच —
फळी सापडली. पहिला खिळा बसला. पलीकडे कुंईकुंई करतोय. रडू दे. दुसऱ्यासाठी हातोडा उचलायला गेले, उचलेना. त्याचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय. वाट बुजवू देत नाहीये, म्हणजे ढब्बू आत