महाराणी इंद्रावती, वय बेचाळीस

रत्नागिरी,
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. गोदाताईस,

धाकट्या बहिणीचा, सोनूचा, नमस्कार. आणि तोही नुकताच मुकुट उतरवलेल्या डोक्याने, त्यामुळे जरा जपूनच, कारण मान अजून अवघडलेली आहे. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी चहातली साखर खरंच सोडली की सोडली असं फक्त तुला सांगतात? आम्ही इथे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे काय, ताई, परवापासून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत! बाजारात गेले तर भाजीवाली म्हणाली, महाराणी, वांगी ताजी आहेत. मी अर्धा किलो घेतली. (घरात कुणी वांगं खात नाही.)

तर माघी गणपतीच्या उत्सवात आमच्या मंडळाचं नाटक होतं. यंदा ऐतिहासिक, ‘महाराणी इंद्रावती’. लिहिलंय आत्माराम गुरुजींनी, तेच ते, शाळेतून निवृत्त झालेले. राज्य कुठलं आणि शतक कुठलं असं विचारलं की ते “किनाऱ्यावरचं” एवढंच सांगतात. अठराव्या वर्षी सिंहासनावर बसलेली राणी, तिचं लग्न शेजारच्या म्हाताऱ्या राजाशी लावून राज्य गिळू पाहणारा दिवाण, आणि तिच्यावर जीव टाकणारा तरुण सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख. दिवाण झाला होता आमचा किराणावाला धाकूशेठ. तरुण सरखेल म्हणजे आमचे हे. (वय सत्तेचाळीस. वीस वर्षं नायकाचं काम हेच करतात. कुणी मागितलं नाही आणि यांनी सोडलं नाही.) नायिका मात्र दरवर्षी कोल्हापूरहून बोलावतात, मालनबाई म्हणून आहेत. आणि मी दरवर्षी विंगेत पुस्तक धरून बसते. नायिकेचे डोळे, तिचे केस, तिची चाल यांच्यावर यांना जी वाक्यं म्हणायची असतात ती हे विसरले की मी आतून पुरवायची. म्हणजे बघ, परक्या बाईचं कौतुक स्वतःच्या नवऱ्याला शब्दन् शब्द सांगायचं, आणि तेही हळू आवाजात!

त्यात यंदा घरात मैनेचं प्रकरण. तुझी भाची यंदा बारावीला आहे. तिला मुंबईला जाऊन आर्किटेक्ट व्हायचंय. यांचं म्हणणं, चिरेखाणी इथे, गवंडी इथे, आणि घर बांधायला शिकायचं मुंबईला? तेव्हापासून तीन आठवडे बापलेकीत बोलणं बंद. हे आमटी मागायची तर ताटाला सांगायचे. मी मध्ये पडले तर मलाही ताटासारखंच वागवायचे.

रविवारी तीनला प्रयोग होता (रात्री त्याच मैदानावर कबड्डीचे सामने, म्हणून नाटक उन्हात). एकच्या सुमाराला कोल्हापूरची एसटी आली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, कुणाच्या तरी कोंबड्या उतरल्या, मालनबाई काही उतरल्या नाहीत. काय झालं कुणास ठाऊक! गुरुजी खुर्चीत बसले ते उठेचनात. धाकूशेठ म्हणाला की राणी आजारी दाखवू आणि तिचं सगळं मीच बोलतो. तेव्हा गुरुजी एकदम माझ्याकडे वळले. “वहिनी, तुम्हाला सगळं पाठ आहे. तुम्हीच राणी व्हा.”

“ह्या वयात?” धाकूशेठ म्हणाला. (त्याच्याकडून मी आता साबण घेत नाही.)

मी यांच्याकडे बघितलं. हे आरशासमोर मिशी चिकटवत होते. मिशी उलटी चिकटवली, काढली, परत चिकटवली आणि आरशातच म्हणाले, “शेला नीट घे. पायात येईल.”

ताई, पोशाखाचं काय सांगू! चोळी मालनबाईंच्या मापाची. हुक आणि फासे यांची भेट होणं शक्य नव्हतं, तेव्हा मागून बोटभर लांबीच्या दोन सेफ्टी पिना लावून वर शेला. मुकुट इतका मोठा की सरळ नाकावर आला. त्यात पंचा कोंबला. रंगवणाऱ्याने डोळ्यांत काजळ असं भरलं की मला सबंध रत्नागिरी धुरकट दिसायला लागली. पण एक सांगते, सिंहासनावर बसले ना (बँकेच्या साहेबांची खुर्ची, वर मखमल) आणि पडदा वर गेला, तेव्हा छातीत जे धडधडलं तसं लग्नातसुद्धा धडधडलं नव्हतं. पहिलंच वाक्य होतं, “अठरा वसंत पाहिले मी.” मागे कुणीतरी फिस्स केलं. मग दुसरा, मग सगळी डावी बाजू. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आमची मासेवाली गंगुबाई उठली, पदर खोचला आणि मागे वळून ओरडली, “गप ऱ्हावा रे! राणी बोलतेय ना?” मैदान असं काही गप्प झालं, काय सांगू! तिथून मी जी सुटले ती दिवाणाला सिंहासनाखाली पळवूनच थांबले. ते नाटकात नव्हतं, पण धाकूशेठ पळाला.

दुसऱ्या अंकात उपवनातला प्रसंग. सरखेल येतो, राणीच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो की या नेत्रांत मला अथांग सागर दिसतो. हे आले. बघितलं. आणि गप्प. परक्या नायिकांसमोर वीस वर्षं धबधब्यासारखे बोलणारे हे माझ्यासमोर खांबासारखे उभे! काजळाने माझे डोळे चुरचुरत होते, पाणी वाहत होतं. हे जवळ आले आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, “डोळे आलेत काय गो तुझे?”

सगळं मैदान हसलं. मी राणी होते म्हणून वाचले, सोनू असते तर आत पळाले असते. मी म्हटलं, “सरखेल, राज्याच्या काळजीने आम्हाला झोप नाही.” त्यावर यांनी कमरेच्या शेल्याचं टोक पुढे केलं आणि माझे डोळे पुसले. आठशे माणसांसमोर, ताई! टाळ्या पडल्या. माझी मात्र पुढची चार वाक्यं गेली. विंगेतून गुरुजी कपाळ बडवत होते.

आणि तिसरा अंक. सरखेल युद्ध जिंकून येतो, तलवार राणीच्या पायाशी ठेवतो आणि निष्ठेची शपथ घेतो, की नाटक संपलं. यांनी तलवार ठेवली. गुडघा टेकला (तो कडकडला, पहिल्या रांगेला ऐकू गेला). आणि पुन्हा गप्प. गुरुजी आतून वाक्य पुरवतायत, आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की मागच्या रांगेलाही पाठ झालं. हे घेतच नाहीत. मुकुट सावरून मी खाली बघितलं. हे वर बघत होते.

“वीस वर्षं तू मला वाक्यं पुरवलीस,” हे म्हणाले. “तुला काय हवं ते मी एकदाही विचारलं नाही. आज विचारतो, महाराणी. मागा.”

मैदानात नुसता वारा. मागे पडद्यावरचं आरमार हलत होतं. मी तोंड उघडलं आणि जे इतके दिवस घशाशी होतं तेच बाहेर आलं. “माझी लेक—” म्हटलं आणि आठवलं, अठरा वर्षांच्या राणीला लेक कुठली! “माझ्या राज्यातली लेक मुंबईला शिकायला जाऊ दे. घरं बांधायचं शास्त्र. दिवाणजी नको म्हणतात.”

“मी कधी म्हटलं?” धाकूशेठ दचकून म्हणाला.

हे हसले नाहीत. मैना बायकांच्या सतरंजीवर बसली होती, तिकडे त्यांनी बघितलं. मग मान खाली घालून, कुणी न पुरवता, स्वच्छ आवाजात म्हणाले, “आज्ञा, महाराणी.” गंगुबाई पुन्हा उभी. “आता फिरायचा नाय हां, सायबा! सगल्यांनी आयकलाय!” पुढे शंख वाजला, पडदा पडला, तो अर्ध्यावर अडकला, मला काही दिसलं नाही. मी रडत होते आणि काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. घरी येऊन यांनी मिशी काढली, पाटावर बसले आणि ताटाला नव्हे, मैनेला म्हणाले, “तो फॉर्म कुठाय?”

भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक घेत जा, मी सांगते म्हणून नको, महाराणींची आज्ञा म्हणून घे.

तुझीच,
सोनू

ता. क. एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते खरं म्हणजे एका कामासाठी. जूनपासून मैना मुंबईत तुझ्याकडे राहिली तर चालेल का? शिक्षण पाच वर्षांचं आहे. तुझी जागा दीड खोलीची, हे ठाऊक असून विचारते. ती पोळ्या चांगल्या करते, घोरत नाही. अडचण असेल तर मोकळेपणी कळव. नसेल तर यांना आपणहून लिही, म्हणजे तुझ्याच मनात आलं असं वाटेल.

ता. क. दुसरी. हे वाचून पत्र जाळून टाक. मालनबाई का आल्या नाहीत ते मला ठाऊक आहे. गुरुवारी गणपतीपुळ्याला दर्शनाला म्हणून गेले आणि तशीच पुढे मालगुंडच्या पोस्टातून (इथल्या तारघरात हे नोकरीला, म्हणून) त्यांना तार केली, नाटक पुढे ढकललंय, येऊ नका. गणपतीची माफी मागितली आहे. एकदाच, ताई, एकदाच मला पुस्तकाच्या पलीकडे उभं राहायचं होतं.

ता. क. तिसरी. ती. गोदाताईंना सखारामचा सा. नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. मैनेला आनंदाने पाठवतो. आपण मला आपणहून लिहिण्याची तसदी घेऊ नये. मालगुंडची तार रत्नागिरीच्या तारघरातूनच पुढे जाते आणि गुरुवारी तिथे पाळी माझी होती. हिने मजकुराखाली घाईत ‘सोनू’ असं स्वतःचंच नाव घातलं होतं. सोनू कोण हे मालनबाईंना न कळून त्या येऊन थडकल्या असत्या, म्हणून मी ‘आत्माराम’ करून पाठवली. हिला यातलं काही कळवू नये. मला काही समजत नाही असं हिला वाटतं, त्यामुळे घरात शांतता असते.