पुसायचा नाही असा आवाज

मावशी,

शुद्धलेखन पोटात घाल. शाळा अर्ध्यात सुटली ते तुला माहीतच आहे, आणि टाइप एका बोटाने करतेय.

तुमच्या ग्रुपचा इतक्या वर्षांनी अल्बम येतोय, त्यातलं शेवटचं गाणं मी गायलंय. तू स्टुडिओत येईनास, म्हणून रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले, "पोरी, तात्पुरतं तू गा. मावशी आली की तिचा आवाज घेऊ, तुझा पुसू." मी भिंतीकडे तोंड करून गायले. ऐकून तुमचा ड्रमवाला म्हणाला, "हिच्यापुढे आपण सगळे फाटके भोंगे. हे पुसायचं नाही."

मग तुझा फोन आला. "काल तुझा शेंबूड पुसत होते, आज माझ्या जागेवर बसतेस? सांग त्यांना, पुसा म्हणून." मी "हो मावशी" म्हणाले. माझ्या तोंडून होच निघतं.

पण मी नाही सांगणार. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही माझी जीभ टाळ्याला चिकटते. स्टुडिओत मात्र ती मोकळी सुटली. तुला गायचंय तर ये, शेजारी उभी राहा, माइक आणखी एक आहे. पण माझा आवाज राहणार म्हणजे राहणार.

हे पाठवत नाही. पाठवलं तर लपून बोलल्यासारखं होईल. उद्या तुझ्या दारात येऊन सांगते.

तुझी भाची, तुझ्याइतकीच हट्टी

ता.क. समोरच्या शिंप्याने मिशी काढली. बायकोने दारच उघडलं नाही.