शब्दांची माहेरं

आई,

संत्र्यांच्या प्याकिंगच्या शेडमधून तू घरी यायचीस तेव्हा तुझ्या हातांना संत्र्याच्या सालीचा वास असायचा आणि मला तो मुळीच आवडत नसे. ठाण्याच्या शाळेत तू मुलींना इंग्रजी शिकवायचीस, तेव्हा त्याच हातांना खडूचा वास होता. देश सोडून इथे किर्यात मलाखीत आल्यावर तुला सांगण्यात आलं, आधी हिब्रू नीट येऊ दे, मग शाळेचं बघू. हिब्रू काही नीट आली नाही. सबंध हिवाळा तू उभ्याने संत्री पातळ कागदात गुंडाळून विलायतेला जाणाऱ्या खोक्यांत भरायचीस. खोक्यांवर इंग्रजी मजकूर असायचा. तिथे तो वाचणारी मी एकटीच, असं तू हसून सांगायचीस आणि मला राग यायचा. कुणाचा, ते कळत नसे.

मी लहान होते, मला हिब्रू पटकन आली. इतकी की मराठी नकोशी झाली. तू मराठीत विचारायचीस, मी हिब्रूत उत्तर द्यायचे. एकदा दुकानात तू मोठ्याने म्हणालीस, "अगं, ती शांपूची बाटली घे, डोक्याची काय दशा करून ठेवलीयस!" माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथेच उभ्या होत्या. मी हिब्रूत म्हणाले, "माझ्याशी माणसांच्या भाषेत बोल." घरी आल्यावर तू पिशवी ओट्यावर ठेवलीस आणि पाठमोरीच बोललीस. "हिब्रूत मी चार वर्षांची पोर आहे गं. भाजी मागता येते, बस विचारता येते, संपलं. तुझी आई मी फक्त मराठीत आहे. ती वाट तूच बंद केलीस तर मी तुझ्यापर्यंत यायचं कसं?"

मला तेव्हा फार भीती वाटली होती, एवढं नक्की आठवतं. मग तू पिशवीतून ती बाटली काढलीस आणि विचारलंस, "हा शब्द कुठला, ठाऊक आहे?" मी खांदे उडवले. "आपल्याकडचा. डोक्याला चंपी करतात ना, त्यातला. साहेबाने उचलला आणि बाटलीत भरून परत आपल्यालाच विकला." मला हसू आलं आणि तोंडातून मराठीच निघालं, "थापा मारतेस."

त्या दिवशी आपला सौदा ठरला. शाळेत इंग्रजी मला जड जात होतं आणि त्यात पास झाल्याशिवाय पुढचं काही खरं नव्हतं. तू म्हणालीस, "शब्द तू आण, त्याचं माहेर मी सांगते. पण मी सांगणार मराठीत, आणि तूही मराठीतच विचारायचं. हिब्रू मध्ये आली की दुकान बंद."

आता बघ, तू चपात्या लाटते आहेस आणि मी शेजारी स्टुलावर बसले आहे. मी 'ऑरेंज' आणला आहे. तू पोळपाटावरच्या पिठात बोटाने रस्ता काढतेस. ही आपली नारिंगी निघाली ती इराणात गेली, तिथून अरबांबरोबर स्पेनला, आणि पुढे फ्रान्स गाठेपर्यंत तिचा 'न' वाटेत कुठेतरी गळून पडला. "म्हणजे दिवसभर मी घरच्याच पोरींची पाठवणी करते म्हणायची," असं म्हणून तू चपाती तव्यावर टाकतेस. उलपानमध्ये, तुझ्या त्या संध्याकाळच्या हिब्रूच्या वर्गात, तू 'साक' म्हणजे पोतं हे शिकून आलीस, तो दिवसही आठवतो. चप्पल न काढताच आत आलीस. "अगं, इंग्रजीतला 'सॅक' या भागातूनच गेलाय!" परक्या गावात मामा भेटावा तसा तुला आनंद झाला होता. हिब्रूवर तुला खूश झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग शाळेतल्या बाईंनी माझ्या निबंधाखाली 'नाइस' लिहिलं. मी तो शब्द मिरवत आणला, तर तू म्हणालीस, "एके काळी अडाण्याला नाइस म्हणायचे." मी चिडून विचारलं, "मग सिली म्हणजे काय, शहाणा?" "भाग्यवान. देवाची कृपा असलेला. पुढे भोळा झाला, मग बावळट. एक चढला, एक उतरला. त्यात शब्दाचा काय दोष? लोक ठरवतात." लाटणं थांबवून तू खिडकीकडे बघितलंस. "मी उतरले. तू चढ."

"तू उतरली नाहीस, आई," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. हिब्रूत मला ते म्हणता आलं असतं असं वाटत नाही.

आज मी बेर्शेबाच्या इस्पितळात ऑफिसात काम करते. माझी मुलं मला इमा, म्हणजे हिब्रूतली आई, म्हणतात आणि मी मराठीत काही म्हटलं की हिब्रूत उत्तर देऊन मोकळी होतात. मला इंग्रजी आईने शिकवलं, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आले. तू खरं तर मला मराठीत बसवून ठेवत होतीस, हे कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली. तू असतीस तर विचारलं असतं, त्यांना कशात बसवू? त्यांना तर इंग्रजी टीव्हीवरूनच येतं.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून सांगते. परीक्षा पास झाले, सौदा संपला, इथल्या सगळ्या पोरापोरींसारखी मी सैन्यात गेले. शुक्रवारी दुपारी रजेवर यायचे तेव्हा दिवस मावळून शाब्बाथ लागायच्या आत, चूल बंद होण्याआधी, स्वयंपाक उरकायची तुझी घाई चाललेली असायची. मी बूटही न काढता दारातूनच विचारायचे, "आई, या शब्दाचं माहेर कुठलं गं?" की तुझी घाई संपली. आमच्या तळावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. घरी निघायच्या आधी मी त्यात बघूनच यायचे. तू सांगणार ते मला ठाऊक असायचं. कधी कधी तुझं चुकायचंही. मी दर वेळी म्हणायचे, "खरंच? मग पुढे?"