नानांचा तांब्या आणि वाजणारी गन

बीड, शनिवार

ती. ताराबाई आत्या यांना शहादेवचा पाया पडून नमस्कार. (पत्राच्या वर 'श्री' घालतात, पण घरात नुकतंच दुःख झालेलं असताना घालावं की नाही, हे मी नानांनाच विचारलं असतं. म्हणून अर्धं लिहून सोडलं आहे. उरलेलं तुम्ही मनात म्हणून घ्या.) आई बरी आहे, तुमची सून वर्षाराणी बरी आहे, माझ्या डोक्यावर आता तांदळाच्या कणीएवढे केस आले आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? धर्मापुरीला सुखरूप पोचल्याचं तुमच्या नातीने, सायलीने, कळवलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलायला सुचत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीत आहेच, नाना जायच्या दोन महिने आधी मी आपल्या भांडी केंद्रातल्या सगळ्या भाड्याच्या भांड्यांना चिपा बसवल्या. नखाएवढी चिप बुडाला चिकटवायची आणि पाच-सहा पावलांवरून गन दाखवायची, की गन वाजते आणि कोणतं भांडं आहे ते तिच्या पडद्यावर येतं. (पहिल्या चिपा कागदी होत्या. त्या पितळेवर बसवल्या की मुक्या व्हायच्या. मग कंपनीच्या माणसाने धातूसाठीच्या जाड चिपा आणून दिल्या.) नानांना हे पसंत नव्हतं. तुमचे भाऊ भांड्याला अंगठीने टिचकी मारायचे आणि आपलं की परक्याचं ते आवाजावरून सांगायचे. मला म्हणाले, "तुझ्या गनीला चार्जिंग लागतं. मला लागतं का?" पण एक दिवस स्वतःचा पाणी प्यायचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "लाव ह्यालाबी. बघू हुडकती का." मग रोज तो कुठेतरी लपवायचे. ज्वारीच्या पोत्यात सापडला, गादीखाली सापडला, एकदा माझ्याच डब्याच्या पिशवीत सापडला. सापडला की हरल्याचं दुःख न होता लई हसायचे.

तर तो तांब्या हरवला. तेराव्याला तुम्ही संध्याकाळी निघालात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जाहीर केलं, की तांब्या भाड्याच्या भांड्यांत मिसळून शिरूर कासारला गेला. त्या सकाळी पंडितकडे साखरपुड्याची भांडी गेली होती, हे खरं. (पंडित म्हणजे माझ्याबरोबर दहावीला होता तो.) आई म्हणाली, "तांब्या घरात आल्याबिगर मी चहाला तोंड लावनार न्हाई." आई आणि चहा हे तुम्ही जाणताच. मी टेम्पो काढला.

गन पिस्तुलासारखी दिसते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मुंडण केलेला माणूस हातात असली वस्तू घेऊन मांडवात शिरला, तर पाहुण्यांनी काय समजावं? बायका आधी मागे सरकल्या. मग एक म्हातारी धीर करून पुढे आली, डोळे मिटून कपाळ समोर केलं आणि म्हणाली, "बघ बाबा, ताप हाय का." तिच्या मागे रांग लागली. समजावून सांगायचं म्हणजे बोलावं लागणार, म्हणून मी नऊ जणांचा ताप बघितला. सगळ्यांना "नाही" म्हटलं. एक गृहस्थ रुसले. त्यांना होता.

तेवढ्यात पंडित आला. "अबे शहादेव, तू कावून आलास इकडं? भांडी उद्या देतो की!" मी तांब्याचं सांगितलं आणि स्वयंपाकघराकडे गन केली. ती वाजायला लागली ती थांबेना. तांब्या नव्हता, फडताळात आपली अकरा ताटं नीट लावून ठेवलेली होती. मी काही म्हणायच्या आत पंडितची बायको शिवकन्याबाईंनी एक ताट उचलून माझ्या नाकासमोर धरलं. बुडाला माझी चिप आणि कडेला ठोकून घातलेलं नाव: 'चि. शिवकन्या हिस मामाकडून'. आत्या, आपल्या दुकानात मागच्या कोपऱ्यात परक्या भांड्यांची थप्पी असते ना, कार्यात मिसळून आलेली, मालक येईपर्यंत नाना सांभाळून ठेवत ती? मी चिपा लावण्याच्या भरात त्या थप्पीलाही लावल्या होत्या, आणि त्यातलीच ताटं त्या सकाळी भाड्याने त्यांच्याकडे गेली होती. शिवकन्याबाई म्हणाल्या, "माज्याच ताटाचं मलाच भाडं लावता व्हय, भाऊजी?" सगळा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीतल्या बायका टेम्पो करून आल्या आणि ज्याचं त्याचं नाव वाचून अर्धी थप्पी घेऊन गेल्या. प्रत्येकीला चहा झाला. प्रत्येकीने नानांची एकेक गोष्ट सांगितली. मला तांब्या मिळाला नाही.

एकूण असं आहे. जावयांना नमस्कार, सायलीला आशीर्वाद. लोभ असावा.

आपला,
शहादेव

ता. क. हे सायलीकडून मोठ्याने वाचून घेऊ नका. आत्या, तांब्या तुमच्याकडे आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही निघताना मी पाया पडायला वाकलो, तेव्हा गळ्यातली गन पोटाखाली दाबली जाऊन वाजली आणि पडद्यावर तांब्याचं मी घातलेलं नाव, 'नाना', असं आलं. मी "बॅटरी उतरली" म्हणालो. तुम्ही मागितला असता तर आईने दिला असता. पण राहू द्या. फक्त आखितीला, अक्षय्य तृतीयेला, नानांच्या नावाची घागर भरायला याल तेव्हा आणा आणि गुपचूप मोरीजवळ ठेवा. सापडल्याचं नाटक मी करीन.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, वर्षाराणीने उघडून आईला वाचून दाखवलं. आई नाना गेल्यापासून पहिल्यांदा हसली. तांब्या तिनेच तुमच्या पिशवीत पापडाच्या पुडक्याखाली घातला होता. "ताराबाई मागनार न्हाई, आन् दिला तर घेनार न्हाई," म्हणते. मग मला शिरूरला कशाला पाठवलं? तर म्हणे, "तेरा दिस भिताडाकडं बघत बसला हुतास. रडला न्हाईस, बोलला न्हाईस. तेवढंच चार मान्सं तुज्याशी बोलली." (चहासुद्धा शेजारच्या काकूंकडे दोन्ही वेळ चालू होता.) तेव्हा तुमच्यावर घेतलेल्या संशयाची माफी असावी. तुम्ही पापड पुरवून खाता, म्हणून अजून तळाशीच असेल. बघा.

शेवटचं. पाकीट मी पुन्हा फोडलं आहे, पण पत्र नवं लिहीत नाही. तांब्या आता तुमचाच, चिंचेने घासताना बुडाची चिप तेवढी निघू देऊ नका. आखितीला तो घेऊन या. मी गन चार्ज करून दारात बसेन. तुम्ही फाटकातून आत आलात की ती वाजेल आणि पडद्यावर 'नाना' असंच येईल. ते नाव मी बदललेलं नाही.