पाकटाच्या डोळ्यांवरची पट्टी

मंगळवार, ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढतेच. आईला नमस्कार सांग.

संग्रहालयात नवं कपाट लागतंय: एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. माझ्या टेबलावर पेंढा भरायला दोन प्राणी आलेत. एक पिका, सशाच्या कुळातला, बिनशेपटीचा, मुठीत मावेल एवढा. दुसरं पाकट, समुद्रातला चपटा मासा, दाराएवढं रुंद. साहेब म्हणाले, "काय मास्तर, सोयरीक जुळतेय का?"

"पत्रिका बघतोय," मी म्हटलं. खरंच बघत होतो. पिका उन्हाळाभर गवत वाळवून हिवाळ्याची बेगमी करतो, शेजाऱ्याच्या ढिगातलंही पळवतो. त्याला दरसाल तीन-चार पिल्लं होतात. पाकटाला दोन-तीन वर्षांतून एक. म्हणून तर ते धरायला बंदी आहे. मी पोट उघडलं तेव्हा ते एक पिल्लू आत होतं, पूर्ण वाढलेलं.

हे पाकट बंदरावर बेवारस सापडलं. डोळ्यांवर फडक्याची पट्टी बांधलेली. तपास अधिकारी म्हणाला, "हे काय, आंधळी कोशिंबीर?" सगळे हसले. मला विचारलं, तर मी "काय की" म्हणालो.

मोठा मासा मारताना त्याचे डोळे झाकायचे, त्याने आपला हात पाहू नये, ही एकट्या बाबांची रीत. सारं बंदर त्यांना त्यावरून चिडवायचं. त्यांनी ती आपल्या दोघांनाच शिकवली. मी तर होडी कधीच सोडली.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, "महिनाभर समुद्रावर गेलो नाही, इंजिन बिघडलंय." मी विचारलं नव्हतं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. तू आपण होऊन इंजिनाचं कधी लिहितोस?

चुकून जाळ्यात आलं असेल. मग टाकून का पळालास? पाहा, "पळालास" लिहून गेलो. खोडत नाही.

देवापुढे बसतो, पण मन लागत नाही. पुढच्या शुक्रवारी अधिकारी परत येणार. तो विचारेल, आणि दुसऱ्यांदा खोटं माझ्याच्याने बोलवणार नाही. त्याआधी ये, आपल्या तोंडाने सांग. मी शेजारी उभा राहीन. आणि तो तू नसशील, तर ही रीत आणखी कुणाला शिकवलीस तेवढं कळव. मग थोरला असून तुझे पाय धरून माफी मागीन.

हे आईला वाचून दाखवू नकोस.

त्या शुक्रवारपर्यंत फक्त तुझा,
दादा