ताईला जुळणारा रंग

१६ मार्च, सोमवार

गुलाबी मेणबत्ती कुठेच नाही! बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. लाल आहेत, पांढऱ्या आहेत, वाढदिवसाच्या काडीएवढ्या आहेत. पण पुस्तकात स्पष्ट लिहिलंय – दुरावलेलं माणूस परत जोडायचं तर गुलाबीच. वार शुक्रवार, फळ सफरचंद, चंद्र वाढता. ताईने बोलणं टाकल्यापासून फोन करून झाले, मेसेज करून झाले, भाऊजींच्या हाती निरोप पाठवून झाले. आता चेटूक!

१७ मार्च

रूममेट हसलीच. ‘‘चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस आणि तुलाच दिसत नाही? तिला नाही बोलायचं तुझ्याशी!’’ मग स्वतःच म्हणाली, लाल आणि पांढरी एकत्र वितळव. म्हणजे जादूतलंही हिलाच जास्त कळतं.

२० मार्च, शुक्रवार

सगळा विचका. मेणाला रंग आला तो हिरड्यांचा. मालकांनी आजच थांबवून घेतलं – एका आजोबांच्या चष्म्याची दांडी काही केल्या कानावर बसेना. घरी येऊन बघते तर अर्धं सफरचंद गायब! रूममेट म्हणते, ‘‘मला काय माहीत ते जादूचं होतं?’’ उरलेल्यावर भागवलं. वात सारखी विझत होती. पातेलं मात्र जन्माचं गुलाबी झालं.

ताईचा मेसेज नाही.

२१ मार्च

व्हिडिओतली एक बाई छातीठोकपणे सांगते, समेटाला निळा रंग. पुस्तक म्हणतं, निळा म्हणजे झोप. कोण ठरवतं हे? आम्ही चष्म्याचे नंबर असे मनाला येतील तसे दिले असते, तर गावभर माणसं खांबांवर आपटली असती!

२४ मार्च

तीच बाई आज म्हणते – रंगांचे तक्ते सोडा, तुमच्या लेखी त्या माणसाचा रंग कोणता, वास कोणता, ते शोधा.

बसले शोधत. तिच्या लग्नाआधी विचारलं असतं तर चटकन पिवळा म्हणाले असते. ताई पोहायला शिकवायची. केसांना सदा तलावाच्या औषधाचा वास. पण आता? शेवटची भेटली तेव्हा करड्या रंगाचं काहीतरी अंगात होतं. पोहणं बंद. ‘‘यांना आवडत नाही.’’ मी म्हटलं, मला हा माणूस बरा वाटत नाही गं. ‘‘तू आमच्यात पडू नकोस’’ – बस्स, तेवढंच बोलली. तेच शेवटचं.

सख्ख्या बहिणीचा रंग सांगता येत नाही मला. चिडचिड झाली नुसती. रूममेटवर उगाच खेकसले.

२७ मार्च, शुक्रवार

पिवळी लावली. पुस्तकात पिवळा म्हणजे परीक्षेत यश – असू दे! शेजारी ताईची जुनी पोहायची टोपी ठेवली, रबर पार चिकट झालंय. मंत्र आठवेना. शेवटी नुसतंच ‘‘ये ना गं’’ म्हटलं. मेण संपलं, काही झालं नाही. पुस्तक रद्दीत टाकलं.

२९ मार्च, रविवार

सकाळी दार वाजलं. ताई! पायात घरातल्या सपाता, हातात एक पिशवी. मी मिठी मारायला गेले तर म्हणाली, ‘‘आधी कडी लाव.’’

तिचा फोन कित्येक महिने भाऊजींकडेच आहे. माझा एकही निरोप तिच्यापर्यंत पोचला नाही. ‘‘मला वाटलं, तूच मला टाकलंस.’’

आता आत झोपलीय. रूममेट दाराला खुर्ची लावून बसलीय. खालून कुणीतरी ताईच्या नावाने हाका मारतंय.